‘बरे’ आणि ‘तारले’ : ख्रिस्ती साक्ष वाचताना

या पाठात आपण मराठी ख्रिस्ती लेखनातील ‘साक्ष’ या प्रकाराकडे पाहणार आहोत. देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे मंडळीसमोर सांगणे म्हणजे साक्ष. तिच्यात प्रार्थनेने आजार बरा झाल्याची हकीकत पुष्कळदा असते, आणि मरणापलीकडच्या जीवनाची आशा बहुतेक नेहमीच असते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, हा आपला प्रश्न आहे.

सुरुवात एका क्रियापदापासून करू. मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री येते. लूकच्या शुभवर्तमानात येशूचे पाय आसवांनी भिजवणारी दुसरी एक स्त्री येते. दोघींना निरोप देताना येशूच्या तोंडी मूळ ग्रीकमध्ये अगदी तेच वाक्य आहे. मराठी बायबलात मात्र पहिलीला विश्वासाने ‘बरे’ केले आणि दुसरीला ‘तारले’. अनुवादकाचे काही चुकले नाही, कारण दुसरीला आजार नव्हताच. पण ‘बरे’ म्हटले की आपल्याला औषध आठवते आणि ‘तारले’ म्हटले की भवसागर. ग्रीक वाचकाला एकाच शब्दात मिळणारे आपल्याकडे दोन खोल्यांत वाटले गेले. साक्ष देणारा माणूस या दोन खोल्यांमध्ये ये-जा करत असतो, आणि कित्येकदा दुसऱ्या खोलीचा पुरावा पहिलीतून आणू पाहतो.

पंडिता रमाबाईंना हा पेच अपरिचित नसावा. बायबलचे मराठी भाषांतर करण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. त्यांची साक्ष १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. तिच्यातला सर्वांत ताकदीचा भाग १८७४ च्या सुमाराचा आहे. आईवडील आणि मुले तीर्थेमागून तीर्थे करतात, व्रते करतात, होते नव्हते ते दानधर्मात घालवतात; देव काही ऐकत नाहीत, आणि थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण जातात. हे वाचताना तुमच्या मनात एक शंका यायला हवी. न ऐकणारा देव खोटा, असा हा युक्तिवाद असेल, तर नव्या देवानेही ऐकले नाही तेव्हा काय?

माझ्या मते रमाबाईंचे उत्तर त्या पुस्तकापेक्षा त्यांच्या पुढच्या वागण्यात जास्त स्पष्ट दिसते. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थनेचे मोठे संजीवन झाले आणि त्याची वार्ता देशोदेशी गेली. तरी स्वतः रमाबाईंचे इंग्लंडपासून मंद झालेले कान अखेरपर्यंत तसेच राहिले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाबाई त्यांच्याआधी गेली. त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. प्रार्थना सुटली नाही. आणि प्रार्थनेवर भरवसा असलेल्या याच बाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात बायकांची कशी आबाळ होते ते ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघड्यावर आणले. प्रार्थना आहे म्हणून रुग्णालय कसेही असले तरी चालेल, असे त्यांनी मानले नाही.

सभेतल्या साक्षीची अडचण इथे लक्षात येते. बरा झालेला माणूस उठून बोलतो. जो बरा झाला नाही त्याची पाळी येत नाही, आणि जो वारला त्याच्या घरच्यांना कोणी विचारत नाही. उलट ‘तुमचाच विश्वास कमी पडला’ असे ऐकावे लागते. दुखण्यावर हा वरून डागच. ज्यांच्या घरी असे घडले असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पंजाबचे साधू सुंदरसिंग यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सिलोनमध्ये त्यांच्या प्रार्थनेनंतर एक मुलगा बरा झाला, तेव्हा लोकांनी त्यांच्याच भोवती गर्दी केली. ही श्रद्धा देवाकडे जात नसून आपल्या हाताकडे येते आहे, असे वाटून त्यांनी तो मार्ग थांबवला.

आता ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १९३४ पासून भागाभागाने आलेले लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक साक्ष म्हणूनही वाचता येते; पण त्यातले धर्मांतर कोणत्याही चमत्कारावर उभे नाही. जात देवाने केली की माणसाने, हा विचार करता करता लक्ष्मीबाई सोवळ्यातून बाहेर पडतात. मेलेली माणसे या पुस्तकात मेलेलीच राहतात, आणि तरी लेखिकेचे हसू आटत नाही. सभेतल्या साक्षीपेक्षा हे लेखन मला अधिक विश्वासार्ह वाटते ते याच कारणाने.

नारायण वामन टिळक ९ मे १९१९ ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वारले. ख्रिस्ती माणसाला पुरण्याची तेव्हा रीत होती. देह पुन्हा उठेल ही त्यामागची श्रद्धा. टिळकांनी मात्र आपल्या देहाला अग्नी द्यावा असे सांगून ठेवले होते, आणि तसेच झाले. पुढच्या जीवनावर त्यांचा भरवसा नव्हता असे त्यांचे काव्य वाचलेला कोणी म्हणणार नाही. मग तो भरवसा देहाच्या कोणत्या अवस्थेवर अवलंबून होता?

पुढील पाठाआधी ‘स्मृतिचित्रे’तील टिळकांच्या अखेरच्या आजाराची पाने वाचा. हातात पेन्सिल ठेवा आणि ‘बरे’ हा शब्द जिथे जिथे येईल तिथे खूण करा.