रस्त्यांचा अनुशेष आणि बीड जिल्हा : दांडेकर समितीच्या निकषाची चिकित्सा

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हा हा घटक व राज्य सरासरी हा निकष मानून अनुशेष मोजला. मागासलेपणास आकड्यांची भाषा दिली, हे या अहवालाचे श्रेय होय. तथापि, जिल्हा सरासरीत बीडमधील गोदाकाठचा गेवराई व बालाघाट डोंगररांगेतील पाटोदा हे भिन्न तालुके एकरूप होतात; पावसाळ्यात पुलाअभावी संपर्क तुटणारे गाव तीत दिसत नाही. केळकर समितीने (२०१३) तालुका हा घटक सुचवून ही उणीव ओळखली. मात्र ३० एप्रिल २०२० रोजी वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली आणि निधीवाटपाचा जाब विचारणारे व्यासपीठ खंडित झाले. न्याय्य निधीसाठी तालुकानिहाय मोजणी व पुलांची स्वतंत्र नोंद अपरिहार्य ठरते.