क्रिकेटच्या लिलावात प्रेक्षक कुठे बसतो?

पेट निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. समजा विषय घेतला 'क्रिकेट प्रक्षेपण हक्कांसाठी वाहिन्यांमधली स्पर्धा'. तुम्ही पहिलं काम काय कराल, सांगू? एक तक्ता. 2017 : आयपीएल, स्टार, 16,347.50 कोटी रुपये. 2022 : आयपीएल, टीव्ही आणि डिजिटल मिळून 48,390 कोटी. शेजारी वाढीची टक्केवारी आणि खाली निष्कर्ष, 'यावरून स्पर्धा तीव्र झाल्याचे दिसते'. मीही आधी हेच केलं होतं.

तक्ता खोटा नाही. पण तो सांगतो ते एवढंच की मुंबईत कार्यालय असलेल्या क्रिकेट मंडळाला किती पैसे मिळाले. पाथर्डीतल्या माणसाला सामना स्वस्त मिळाला की महाग, हे त्यात कुठेच नाही. आणि 'स्पर्धा' हा शब्द आपण वापरतो तेव्हा शेवटी त्याचंच भलं व्हावं, असं गृहीत धरलेलं असतं ना?

इथे बरेच जण हॅरॉल्ड डेम्सेट्झचा 1968 चा लेख संदर्भाला घेतात. बाजारात विक्रेता एकच असला तरी चालेल, त्या एका जागेसाठी आधी चुरस झाली की मक्तेदारीचा काच कमी होतो, असं त्याचं म्हणणं. नीट वाचा. डेम्सेट्झच्या लिलावात जिंकतो तो ग्राहकाला सगळ्यात कमी दरात माल देण्याची बोली लावणारा. आपल्याकडे जिंकतो तो मंडळाला सगळ्यात जास्त पैसे देणारा. बोलीचं तोंडच उलट्या दिशेला! त्यामुळे क्रिकेटच्या लिलावाला डेम्सेट्झचा आधार देणारा परिच्छेद दिसला की मी पेन्सिल उचलते. (बोली जास्त लागली की जिंकणाराही बुडू शकतो, ते वेगळंच. निंबसने 2006 मध्ये 61.2 कोटी डॉलरची बोली लावली, पुढे करार वाढवूनही घेतला, आणि डिसेंबर 2011 मध्ये थकबाकीवरून मंडळाने तो रद्द केला.)

मग प्रेक्षक सापडतो कुठे? तो सापडतो एका निकालात. नोव्हेंबर 1993 च्या हिरो कपच्या उपांत्य सामन्यात सचिननं टाकलेलं शेवटचं षटक सगळ्यांना आठवतं. त्या स्पर्धेमागचं भांडण आठवत नाही. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपण टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला दिलं, आणि दूरदर्शन व सरकार आडवे आले. तोवर रीत अशी होती की सामना दाखवायचे पैसे दूरदर्शनच मंडळाकडे मागायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल 9 फेब्रुवारी 1995 चा. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं, म्हणजे आपल्या पुण्याचे सावंतसाहेब. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि कुणा खाजगी मालकाचीही नको, नियंत्रण स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावं, हा त्याचा गाभा. न्या. जीवन रेड्डी वेगळ्या निकालपत्रात त्याच्याही पुढे जातात : प्रक्षेपण करणाऱ्याच्या हक्काआधी पाहणाऱ्याचा हक्क.

या निकालाचं कौतुक खूप झालंय, होऊ दे. माझी तक्रार वेगळी आहे. त्यात प्रेक्षकाला हक्क मिळाला, पण तो वसूल करायची जागा मिळाली नाही. दोन मक्तेदाऱ्यांचा धोका न्यायालयानं ओळखला. पण सरकारी मक्तेदारी त्याच निकालाने मोडली आणि खाजगी मक्तेदारी रोखायचं काम भविष्यातल्या प्राधिकरणावर ढकललं. न्यायालयाच्या मनातलं ते स्वतंत्र प्राधिकरण काही उभं राहिलं नाही. ट्राय आली, पण ती मुख्यतः दर आणि जोडणीचं बघते.

पुढे 2007 चा कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण प्रसार भारतीला जाहिरातींविना द्यायचं, आणि त्यावर मिळणाऱ्या जाहिरात उत्पन्नातला किमान 75 टक्के वाटा हक्कधारकाला. जास्तीत जास्त लोकांना मोफत पाहता यावं, हा हेतू कायद्याच्या दीर्घ शीर्षकातच लिहिलाय. आता झालं असं, की केबलवाल्यांना दूरदर्शन दाखवणं बंधनकारक, त्यामुळे हे चित्रण केबलवरूनही घरोघर जायला लागलं. वाहिनी आणि मंडळ कोर्टात गेले. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हे चित्रण फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या भूस्थित जाळ्यावर आणि फ्री डिशवर. केबलवर नाही.

कलम 3 चा अर्थ म्हणून निकाल पटण्यासारखा आहे. कायदा मालकाच्या हक्कात हात घालतो, तेव्हा तो आखडूनच वाचायचा, हे धोरण नवं नाही. पण 1995 आणि 2017 चे निकाल शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात केंद्रस्थानी पाहणारा आहे. दुसऱ्यात प्रश्नच असा मांडला गेला, की मालमत्ता कुणाची आणि ती कुठवर वापरायची. उत्तर बरोबर आलं, प्रश्न लहान झाला. ज्याच्या घरी केबल आहे त्यानं मोफत सामन्यासाठी वेगळी छत्री बसवायची, हे 'जास्तीत जास्त लोकांना' या शब्दांत बसतं का, याची चर्चा व्हायला हवी होती. शिवाय आयपीएल या यादीत नाहीच. म्हणजे तुमच्या तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा या सगळ्या वादाच्या बाहेर.

प्रेक्षकापर्यंत पोचलेली स्पर्धा मला एकदाच नीट दिसते. 2022 च्या लिलावात भारतातले टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारकडे गेले, डिजिटल वायकॉम18 कडे. एकच सामना, दोन दुकानं. 2023 ची आयपीएल जिओसिनेमानं फुकट दाखवली. उत्तर म्हणून हॉटस्टारनं त्या वर्षीचा आशिया चषक आणि विश्वचषक मोबाइलवर फुकट केला. मग 14 नोव्हेंबर 2024 ला दोन्ही दुकानं एक झाली. पुढच्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार आलं, आणि 2025 च्या आयपीएलला वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज लागलं. विलीनीकरणाला स्पर्धा आयोगानं मंजुरी देताना कंपन्यांनी जी हमी दिली, तिच्यातला ठळक भाग क्रिकेटच्या जाहिरात जागा एकत्र बांधून न विकण्याचा होता. जाहिरातदाराची काळजी घेतली गेली, त्याला ग्राहक मानलं गेलं. घरात बसून बघणारा कोण, ग्राहक की माल?

म्हणून सिनॉप्सिसमध्ये तक्त्याचा एकक बदलून बघा. लिलावाऐवजी 'एका कुटुंबाला एक मालिका पाहायला काय लागतं' हा एकक घ्या. पाथर्डीसारख्या तालुक्यात तो लगेच अवघड होतो. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत कोपीवर. तिथे केबल नाही, छत्री नाही, असतो तो एक मोबाइल आणि त्याचं रिचार्ज. भारतातले बरेचसे सामने याच महिन्यांत होतात. या कुटुंबाचा खर्च तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचा, घर पाथर्डीत धरायचं की फडावर, आणि एका मोबाइलवर चौघं बघतात तेव्हा प्रेक्षक एक मोजायचा की चार, हे आधी गाईडशी बोलून ठरवा. आयपीएलचे आकडे नंतरही भरता येतील, ते कुठे पळून जात नाहीत.