स्वयंवर नावाचा सोयीचा शब्द

मराठीत कीटकांवर लिहिताना एक शब्द हमखास येतो : स्वयंवर. काजवे चमकले की स्वयंवर, रातकिडे किरकिरले की स्वयंवर. वीसेक वर्षांपूर्वी राधानगरीच्या काजव्यांवर मी लेख लिहिला, त्याचाही मथळा हाच होता. आज तो शब्द मला खटकतो.

द्रौपदीचे स्वयंवर आठवा. पण द्रुपदाचा, धनुष्य त्याचे, लक्ष्यही त्यानेच टांगलेले. जो लक्ष्य भेदील त्याला ती मिळणार. ती कर्णाला भर सभेत नाकारते हा प्रसंग आपल्या सर्वांच्या मनात पक्का आहे. पण भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने तो मूळ संहितेत घेतलेला नाही. तिची स्वतःची म्हणावी अशी एक कृती, तीही प्रक्षिप्त! आपल्या कीटकलेखनात उतरते ते हेच चित्र. नरांनी झुंजायचे, मादीने हार घेऊन उभे राहायचे. मादीच्या निवडीचे तत्त्व डार्विनने १८७१ मध्ये सविस्तर मांडले, तेव्हा वॉलेससारख्या त्याच्या सहप्रवाशालाही ते पचले नव्हते, हे आपल्या समाधानासाठी सांगून ठेवतो.

आता खरा रातकिडा पाहू. (मादीसाठी मराठीत वेगळा शब्दच नाही. ती गात नाही ना!) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओएकँथस हेन्री या झुडपांवरच्या रातकिड्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. कीटकाचे शरीर हवेबरोबर तापते, म्हणून गार रात्री नराचा स्वर खाली उतरतो, उबदार रात्री वर चढतो. मादीचे कान पुढच्या पायांवर असतात आणि ते एकाच पट्टीला बांधलेले नसतात. देवल क्लबातला मुरलेला श्रोता गायकाने पट्टी बदलली म्हणून उठून जात नाही, तसेच हे.

यातले काही नर पानाला भोक पाडतात आणि त्यात बसून, पंख पानाला लावून गातात. पान ध्वनिफलकासारखे काम करते, आवाज मोठा होतो. ही युक्ती दक्षिण आफ्रिकेतल्या रातकिड्यांत १९७५ मध्येच नोंदली गेली होती; ती कोण वापरतो हे बंगळूरच्या गटाने २०२० मध्ये दाखवले. लहान चणीचे, मुळात हळू गाणारे नर. त्यांच्याकडे माद्या जास्त येतात, आणि मीलनही अधिक वेळ टिकते. याला ‘मादी फसली’ म्हणणे सोपे आहे. पण फसली म्हणताना आपण तिच्या हाती एक कायमची मोजपट्टी असल्याचे गृहीत धरतो.

तशी ती नसते. हेड्रिक आणि डिल यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका रातकिड्यावर प्रयोग केला. मादीला सलग लांब गाणे आवडते. पण तिकडे जायला उघडी जागा ओलांडावी लागत असेल आणि आखूड गाणे आडोशाच्या वाटेवर असेल, तर पुष्कळ माद्या आखूड गाण्याकडे वळल्या. आवड होतीच, पण वाटेत कोण टपले असेल याचाही हिशेब होता. द्रुपदाच्या मंडपात या हिशेबाला जागा नाही.

रूपक हवेच असेल तर दमयंतीकडे जावे. नलाचे रूप घेतलेले चार देव आणि खरा नल समोर उभे असताना ती खुणा वाचते : कोणाला घाम येतो, कोणाची पापणी लवते, कोणाची सावली पडते. पण तिथेही अडचण आहे. तिचे मन आधीच ठरलेले होते, आणि मंडपातला उजेड कोणी बदलला नव्हता.

राधानगरीत बदलतो. मे अखेरीस काजवे पाहायला गाड्या येतात, हेडलाइट आणि मोबाइलचे दिवे झाडीवर फिरतात. अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांत नर उडताना चमकतो, गवतात बसलेली मादी चमकूनच उत्तर देते. कृत्रिम प्रकाशात त्यांचे मीलन घटल्याचे दिसले आहे. गेल्या वेळी माझ्याबरोबर आलेल्या पाहुण्यांनी झाडावर टॉर्च मारला आणि ‘थांबले का हो?’ असे विचारले.

तो जुना लेख पुन्हा छापायला एका संपादकांनी मागितला आहे. मथळा बदलून देतो म्हणालो. अजून दिलेला नाही.