‘हृदयरक्षक’ की ‘हृद्विरामक’? : एका परिभाषेची चिकित्सा

हृदयावरील अनेक शस्त्रक्रियांत स्पंदन काही काळ थांबवावे लागते. परंतु तेवढ्या अवधीत हृत्स्नायूची हानी होऊ द्यावयाची नसते. या दुहेरी कार्यासाठी जे द्रावण योजितात त्यास व ते देण्याच्या क्रियेसही इंग्रजीत कार्डिओप्लेजिया ही एकच संज्ञा आहे. तिला ‘हृदयरक्षक द्रावण’ हा मराठी पर्याय सहज सुचतो. तो सोज्ज्वळ आहे, आणि आमचा आक्षेप नेमका त्या सोज्ज्वळपणावर आहे.

१९५५ साली लंडनमध्ये मेलरोज व त्यांचे सहकारी यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबविण्याची रीत मांडली. त्या वेळी त्यांनी ‘थांबविणे’ याच साध्या अर्थाचा शब्द वापरला होता. कार्डिओप्लेजिया ही संज्ञा १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या कॉनराड लॅम यांनी रूढ केली. तिच्यातील ग्रीक ‘प्लेगे’ म्हणजे प्रहार, अर्थात आपला ‘घात’. ‘पक्षाघात’ हा शब्द याच घडणीचा. मग कार्डिओप्लेजियाचे निर्दोष भाषांतर ‘हृदयाघात’ असे होईल! वृत्तपत्री मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे सांगणे नलगे. संमतिपत्रावर तो वाचणाऱ्या रुग्णाच्या नातलगांची अवस्था कल्पनेनेच जाणावी. व्युत्पत्ती अचूक असूनही पर्याय त्याज्य ठरावा, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

‘रक्षक’ या शब्दाचा दोष याच्या उलट आहे. तो भय घालवितो, पण त्याबरोबर वस्तुस्थितीही झाकतो. मेलरोज यांच्या तीव्र द्रावणाने स्नायूस इजा होते असे आढळल्यावर ती पद्धत मागे पडली. पुढे १९७० नंतरच्या दशकात, पोटॅशियमचे प्रमाण बरेच उतरवून, ती पुन्हा प्रतिष्ठित झाली. म्हणजे रक्षण हा द्रावणाचा अंगभूत गुण नव्हे. ते किती, किती थंड, कोणत्या दाबाने आणि कोणत्या वाटेने पोचते यावर सर्व अवलंबून असते. आणि हे ठरविणारा संच म्हणजे पंप, उष्णताविनिमयक, बुडबुडे अडविणारे पात्र, दाबमापक व नळ्या. (लॅटिन ‘कॅन्युला’ म्हणजे लहानसा बोरू, संस्कृत ‘नल’ म्हणजेही बोरूच. तेव्हा ‘नळी’ हा शब्द असता ‘कॅन्युला’साठी नवा शब्द घडविण्याचा खटाटोप व्यर्थ होय.)

वाटेच्या संज्ञांत तर अधिक दक्षता हवी. द्रावण महारोहिणीच्या मुळाशी सोडले तर ते हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांतून रक्ताच्या नेहमीच्या दिशेने जाते. परंतु महारोहिणीची झडप गळकी असेल तर ते डाव्या जवनिकेत उतरते आणि स्नायूपर्यंत पुरेसे पोचत नाही. अशा वेळी कॉरोनरी सायनस या नीलामार्गाने उलट दिशेने ते देता येते. मात्र तेथील दाब सामान्यतः ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवतात, कारण ही भित्ती नाजूक असून फाटण्याचा धोका असतो. या उलट मार्गास ‘प्रतिगामी’ म्हणणे शब्दशः बरोबर असले तरी मराठीत त्या शब्दाला राजकारणाचा वास येतो. ‘अनुलोम’ आणि ‘प्रतिलोम’ ही जोडी परिचित असून दिशेचा बोध अचूक करून देते.

‘रक्तमिश्रित द्रावण’ हाही शब्द अपुरा आहे. एका प्रचलित रीतीत चार भाग रक्तास एक भाग द्रावण असते. डेल निडो यांच्या रीतीत हेच प्रमाण उलटते. एकच नाव दोन्हींस लावले की पंप कोणत्या प्रमाणावर लावावयाचा हे नावातून कळत नाही. म्हणून प्रमाण संज्ञेतच यावे : ‘चतुर्गुण-रक्त’ आणि ‘चतुर्गुण-द्रावण’. उच्चारास जड, हे मान्य. पण शस्त्रक्रियागृहात संदिग्धता त्याहून जड पडते.

द्रावणासाठी आम्ही ‘हृद्विरामक’ हा शब्द सुचवितो. ‘विराम’ या शब्दात पुढे पुन्हा आरंभ होणार हे गृहीत असते; ‘बंद पडणे’ यात ते नसते. ‘डिलिव्हरी’साठी ‘प्रदान’ किंवा ‘वितरण’ न घेता ‘सिंचन’ घ्यावे. मोजून, नळीवाटे, मुळापर्यंत पाणी पोचविणे हा त्याचा अर्थ शेतकऱ्यासही ठाऊक आहे. संपूर्ण उपकरणास मग ‘हृद्विराम-सिंचनसंच’ म्हणता येईल, आणि संमतिपत्रात याच्याच शेजारी ‘हृदय तात्पुरते थांबविण्याची यंत्रणा’ असे साध्या शब्दांत लिहावे.