सातव्या वळणावर

हेइआन शोदान हा शोतोकान कराटेतला नवशिक्याचा काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम. २१ हालचाली, मिनिटाच्या आत संपणाऱ्या. पांढऱ्या पट्ट्याची मुलं तो करताना लांबून पाहिली, तर कवायत चालली आहे असंच वाटतं. त्यात तथ्यही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावात इतोसू आंको यांनी पिनान नावाचे पाच काते शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बसवले. १९२२ मध्ये टोकियोला गेलेले त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी पुढे या कात्यांना हेइआन हे नाव दिलं आणि पहिल्या दोन कात्यांची अदलाबदल केली. इतोसूंचा दुसरा काता अधिक सोपा होता, तो पहिला झाला. चांगल्या संपादकाला शोभेल असाच हा निर्णय.

कात्याची वाट साधी आहे: दोन आडव्या रेषा आणि त्यांना जोडणारी एक उभी. डावीकडे वळून गेदान बाराई, म्हणजे खाली येणारा वार हाताने झाडून टाकायचा. मग एक पाऊल पुढे आणि ठोसा. उजवीकडे वळून पुन्हा तेच, असं आपण गृहीत धरतो. गेदान बाराई होतेही. पण ठोशाआधी काहीतरी मध्येच घुसतं. पुढचा उजवा पाय निम्मा मागे येतो, त्याच बाजूचा हात झटक्याने अंगाकडे ओढला जातो, डोक्यावरून फिरतो आणि मुठीची करंगळीकडची बाजू वरून खाली आदळते. ही तेत्सुई. ठोसा त्यानंतर. डावीकडे दोन हालचाली, उजवीकडे तीन.

हा तोल का बिघडवला असेल? क्लासमध्ये सांगतात की पुढे गेलेलं मनगट कुणीतरी धरलं आहे, ते सोडवून घ्यायचं. पटण्यासारखं आहे. तोवर प्रतिस्पर्धी नुसता समोर उभा होता. इथे पहिल्यांदा तो अंगाला भिडतो. पाऊल मागे घ्यावं लागतं ते संपूर्ण कात्यात इथेच. दुसऱ्या टोकाच्या आडव्या रेषेवर तेत्सुई नाही, दोन्हीकडे दोन-दोनच हालचाली. नवशिके तिथेही हात फिरवून मोकळे होतात, कारण शरीराला एकदाच घडणारी गोष्ट लक्षात ठेवायला आवडत नाही.

उभ्या रेषेवर तीन पावलं आगे-उके, चेहऱ्यावरचा वार वर उचलून लावणारा हात. तिसऱ्यावर कियाई. पहिली आरोळी ठोशावर नसून बचावावर आहे, हे मजेशीर आहे. शिवाय मार चुकवायला कोणी तीन पावलं पुढे जातं का? मला तरी तो हात निव्वळ बचावाचा वाटत नाही. वर जाणारी ती कोपरापुढची बाजू हनुवटीखाली लागली, तर समोरच्याची खैर नाही. परतीच्या उभ्या रेषेवर तीन ठोसे, तिसऱ्यावर दुसरी कियाई. तिथे असा प्रश्न पडत नाही.

आता या रचनेची गंमत. गेदान बाराई इथे बंदिशीच्या मुखड्यासारखी आहे: वळलं की ती येते. सहा वळणं, सहाही वेळा. पहिल्या कियाईनंतर पाठीमागून पाऊण वर्तुळ फिरतानासुद्धा. दुसऱ्या कियाईनंतर तसंच पाऊण वर्तुळ येतं, कान मुखड्याकडे लागलेले असतात, आणि मूठ उघडते. शुतो-उके, उघड्या हाताच्या कडेने केलेला बचाव. इतका वेळ पुढच्या पायावर झुकलेलं वजन मागच्या पायावर जातं, जवळजवळ ७० टक्के. कात्याचा उंबरठा ओलांडून आपण दुसऱ्याच घरात आलो की काय, असं क्षणभर वाटतं. तिरक्या दिशाही इथेच पहिल्यांदा येतात.

अशा चार शुतो-उके आणि काता संपतो. शेवटी ठोसा नाही, आरोळी नाही. बचावाने सुरू झालेली ही रचना बचावावरच थांबते.

या चार हालचाली सगळ्यात अवघड असतात. ठोशांच्या जोमात आलेल्या शरीराला मागे बसायचं नसतं. ढोपर आत पडतं, कंबर पुढे ढकलली जाते, टाच उचलली जाते. पट्ट्याच्या परीक्षेत आई-वडील मोबाइल उंचावतात ते कियाईच्या वेळी. परीक्षक मात्र त्यानंतर मुलाच्या मागच्या पायाकडे बघत असतो.