तीन जगं, आणि घरातली बाई

कल्याणकारी राज्यावर काहीही वाचायला घ्या, गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांचं १९९० चं ‘द थ्री वर्ल्ड्स ऑफ वेल्फेअर कॅपिटलिझम’ समोर येतंच. सरकार किती खर्च करतं यापेक्षा, पगार थांबला तर माणूस कितपत तगतो ते बघा, असं ते सांगतात. त्यासाठी १८ देशांतली पेन्शन, आजारपणाचा आणि बेकारीचा भत्ता त्यांनी तपासला. कसोटी मला आजही पटते. पण जिला पगार कधी नव्हताच, तिचं काय? घरी सासूचं दुखणं काढणारी जर्मन बाई या कोष्टकात दिसत नाही. जेन लुईस यांनी १९९२ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. १९९९ च्या पुस्तकात एस्पिंग-अँडरसन यांनी कुटुंबावरचा भार विचारात घेतला खरा. तरी म्हाताऱ्या होत चाललेल्या युरोपात पेन्शनचे पैसे कुठून आणायचे, यावरच जास्त वाद होतो. म्हाताऱ्यांचं करणार कोण, तेही विचारा.