'अलीगढ'मधील प्राध्यापक

विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकातील मित्रा ही महाविद्यालयात शिकणारी मुलगी. आपले मन स्त्रीकडेच ओढ घेते हे तिला उमगते, आणि पुढे तिच्या वाट्याला जे येते ते तिला सोसवत नाही. ती स्वतःच्या हाताने आयुष्य संपविते. समलिंगी व्यक्तीचे दुःख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे असा कोवळा चेहराच उभा राहतो. परंतु असे माणूस तगून साठीला पोहोचले तर त्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न आमच्या साहित्याने फारसा विचारलेला नाही. तो विचारला एका हिंदी चित्रपटाने. आणि त्याचा नायक परप्रांतात मराठी शिकविणारा प्राध्यापक असावा, हे आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना चटका लावून जाते.

हंसल मेहता यांचा 'अलीगढ' (२०१६) हा चित्रपट डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या अखेरच्या दिवसांवर आधारलेला आहे. सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापन करीत. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा काव्यसंग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये, निवृत्ती काही महिन्यांवर आली असता, परक्यांनी त्यांच्या घरात घुसून एका पुरुषासमवेत त्यांचे चित्रण केले. निलंबित झाले ते मात्र सिरस! १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी ते राहत्या खोलीत मृतावस्थेत आढळले. मृत्यूचे कारण निर्विवादपणे ठरले नाही.

या कथेत भडकपणास भरपूर वाव होता. दिग्दर्शकाने मात्र एका प्रसंगात मनोज बाजपेयींना नुसते बसविले आहे. एकाकी खोलीत, मद्याचा पेला हाती घेऊन, सिरस 'अनपढ'मधील लताबाईंचे गाणे ऐकतात, ओठांतल्या ओठांत गुणगुणतात. यात घडले काय, असे कोणी विचारील. आमच्या मते चित्रपटातील सर्वांत मोठी गोष्ट येथेच घडते. हा मनुष्य इतकी वर्षे कशाच्या बळावर जगला, ते येथे दिसते. इलान मेयर या संशोधकाने २००३ साली अल्पसंख्याकांच्या ताणाची जी मीमांसा केली, तीत प्रत्यक्ष छळाबरोबरच छळाची धास्ती, लपवालपव आणि स्वतःविषयी मनात झिरपलेली घृणा यांनाही स्थान आहे. बाजपेयींचा दबका स्वर ऐकताना ती मीमांसा वेगळी वाचण्याची गरज उरत नाही.

राजकुमार राव यांनी रंगविलेला पत्रकार दीपू हा विशीतला तरुण. त्याच्यापाशी सिरसांसाठी एक शब्द तयार आहे: 'गे'. सिरसांना मात्र आपली भावना तीन अक्षरांत कशी मावावी हेच कळत नाही. ज्याच्या तारुण्यात या ओढीस उघड नावच नव्हते, त्यास उतारवयात मिळालेले नाव मुक्तीसारखे न वाटता आणखी एका पंचनाम्यासारखे वाटावे, हे स्वाभाविक आहे. कविता शब्दांत नसून शब्दांमधील अंतरात असते, आणि जो तो आपल्या वयानुसार तिचा अर्थ लावतो, असे सिरस त्यास सांगतात. दोन वयांची ही भेट हाच चित्रपटाचा प्राण होय. दीपूच्या कचेरीतील प्रेमाचे उपकथानक नसते तरी चालले असते. आणि वकिलांच्या मुखी कोठे कोठे व्याख्यान येते.

तथापि न्यायालयातील एक गोष्ट विसरता येत नाही. दोन्ही बाजूंचे वकील सिरसांच्या चारित्र्यावर तावातावाने बोलत असतात, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो वृद्ध मागे बसून आपल्या मराठी कवितांचे इंग्रजी भाषांतर करीत असतो.